तीन व्होल्टचा मान

साखरपुड्याच्या दिवशी शेलूबाजारात मुलाच्या अंगणात दोन गॅसबत्त्या फुसफुसत होत्या. जगदेवरावांनी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "अशा बत्त्या साऱ्या तालुक्यात कोनाकडं नाहीत." जगदेवराव म्हणजे मुलाचे काका. मुलाचे वडील वारल्यापासून घरातली शेती, सोयरीक आणि भांडण या तिन्ही गोष्टी त्यांच्याच मिशांखालून जात.

मुलीचे वडील बबनराव त्या वेळी पान चघळत होते. त्यांचं पान थांबलं.

"बत्त्या चांगल्या हायेत, इवाईबुवा," ते म्हणाले. "पन आमच्या जऊळक्याले लग्नात तुमाले बत्ती दिसनार नाही. वीज राहीन. बटन दाबलं का सारा मांडव पांढरा."

ओसरीत बायकांमध्ये बसलेल्या रुख्मिणीच्या घशात पाण्याचा घोट अडकला. अडतीस सालची गोष्ट. जऊळक्यात रेल्वे स्टेशन होतं, कपाशीचं जिनिंग होतं, पण विजेचा खांब दुर्बीण लावून शोधला असता तरी सापडला नसता. बबनरावांची पद्धत अशी होती की आधी बोलून टाकायचं आणि मग थोरल्या मुलीकडे बघायचं. त्यांनी ओसरीकडे बघितलं. रुख्मिणीने भांडं खाली ठेवलं.

रुख्मिणी नागपूरला विज्ञान शिकली होती आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत तेच शिकवत होती. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे गावाने तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं: लय शिकली. आता धाकट्या बेबीचं जमलं होतं, आणि बेबीला मुलगा मनापासून आवडला होता. यात काही मोडतोड झाली तर त्याचं उत्तरही गावाकडे तयार होतं, थोरलीचं शिक्षण धाकटीले भोवलं. म्हणून रुख्मिणीने ठरवलं होतं की या लग्नात आपण पापड लाटायचे, पाहुण्यांना पाणी द्यायचं आणि तोंड मिटून राहायचं. वर्षभर पेपर तपासून तिचे डोळे दुखत होते. उन्हाळ्याची सुट्टी तिला झोपण्यासाठी हवी होती.

घरी परतताना बैलगाडीत बबनराव म्हणाले, "रुखमा, वीज कोठून आनाची?"

"तुमीच म्हनलं ना, बाबा."

"म्या म्हनलं. आनाची तुले हाये."

वीज आणण्यासारखी एकच जागा होती. स्टेशनजवळच्या जिनिंगमध्ये तेलावर चालणारं इंजिन होतं, आणि हंगामात रात्रपाळीला उजेड मिळावा म्हणून त्याला एक लहान डायनामो जोडलेला होता. वैशाखात कपाशी संपलेली असे, जिनिंग बंद असे. मालक शेठजी भला माणूस. इंजिन वापरा म्हणाले, तार वापरा म्हणाले, माझ्या मोटारीची बॅटरी लागली तर तीही घ्या म्हणाले. फक्त तेल पिंपात आहे तेवढंच. नवं पिंप पावसाळ्यानंतर येणार.

रुख्मिणीने पापड बाजूला ठेवले आणि पाटी घेतली.

डायनामो एकशेदहा व्होल्टचा. दिवे साठ वॅटचे, वीस. वीस गुणिले साठ, बाराशे वॅट. भागिले एकशेदहा, म्हणजे अकरा अँपिअरला जरा कमी. इथवर सगळं पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हती ती जिनिंगपासून बबनरावांच्या अंगणापर्यंतची तार. ती विजेला किती अडथळा करते, ते मोजायलाच हवं होतं. रुख्मिणीने मांडवाच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या, इकडच्या टोकाला मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी लावली आणि अँपिअर बघितले. बारा. सहा भागिले बारा.

"अर्धा ओहम," ती म्हणाली.

बबनराव शेजारी उकिडवे बसून सगळं ऐकत होते. "अर्धाच? मंग तं चांगलं हाये."

"चांगलंच हाये. अकरा अँपिअर वाहतील तवा साडेपाच व्होल्ट वाटेत जातील. म्हंजे साठ वॅट."

"साठ वॅट म्हंजे?"

"एक दिवा."

बबनरावांनी थोडा विचार केला. "म्हंजे आपन एकवीस दिव्याची वीज द्याची, अन् लागनार वीस. एक दिवा कोन खाते?"

"तार खाते, बाबा. ती गरम होते."

"चोट्टी हाये," बबनराव म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारेवर नजर ठेवायला गड्याला बसवलं.

इंजिन चालवायला हेमसिंग होता. तांड्यावरचा माणूस, इंजिनावर इतकी वर्षं काढलेली की बोलतानासुद्धा त्याच्या वाक्यांना ठेका असे. त्याने आणि रुख्मिणीने मिळून वीस दिवे लावून इंजिन चालवून बघितलं, पिंपात काठी बुडवून तेल किती उतरलं ते पाहिलं, आणि हिशेब काढला. दिवेलागणीला सुरू करायचं, लग्न लागेल, दोन्ही पंगती उठतील, आणि वर तासाभराचं तेल उरेल. न जाणो.

रुख्मिणीने पाटी पुसली आणि पुन्हा पापड घेतले. तिला वाटलं, झालं.

*

लग्नाच्या दिवशी पाहुणे दुपारच्या उन्हातच आले. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीवर आला, आणि त्याच क्षणी स्टेशनच्या बाजूने इंजिनाची धकधकही ऐकू आली. रुख्मिणी हळदीच्या हातांनी बाहेर धावली. मांडवात वीसच्या वीस दिवे लागले होते. उन्हात ते लागलेत की नाही हे कळायला दिव्याखाली उभं राहून वर बघावं लागत होतं, आणि बबनराव एकेका पाहुण्याला धरून तसं उभं करत होते.

"बाबा, हे आताच काहून लावलं? तेल जाते."

"पाव्हने आले का नाही?"

"मंग आता इझवा. दिवेलागनीले लावू."

बबनरावांनी कानांवर हात ठेवले. "लग्नाच्या मांडवातला दिवा इझवतं? काही अक्कल? नागपूरले हेच शिकवलं का?"

दिवा विझवणं अशुभ, हे रुख्मिणीलाही माहीत होतं. फक्त तिच्या हिशेबात ते नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि पाटीशिवायच नवा हिशेब केला. तेल आता लग्न लागेपर्यंत पुरेल, जेवणं कंदिलावर. तेही लग्न वेळेवर लागलं तर. मुहूर्त गोरजाचा होता, दिवस मावळतानाचा. जोशीबुवा वेळेचे पक्के होते. एवढं एक बरं होतं.

मांडव अंगणभर लांबट घातलेला. पूर्वेच्या टोकाला, जिनिंगच्या बाजूला, चुलाणं आणि गोठा. तार तिकडून आत यायची, पहिला दिवा चुलाणाजवळ. मधोमध बोहलं. पश्चिमेच्या टोकाला कडुनिंबाची थंड सावली होती. तिथे गालिचे, तक्के, गुलाबपाणी असा सगळा थाट करून वरपक्षाची बैठक मांडली होती. गावातली सगळ्यात चांगली जागा ती.

ऊन कललं तसे दिवे दिसू लागले. लोक बोलायचे थांबले. रुख्मिणीची आई चतुराबाई दाराशी आली आणि तिने पहिल्या दिव्याला हात जोडले. मग दुसऱ्याला. वीसही दिव्यांना जोडून झाल्यावर ती म्हणाली, "तेल नाही, वात नाही, माय. अन् जळून राह्यलं." रुख्मिणीला एवढ्या थकव्यातही बरं वाटलं. तेल किती जळत होतं, ते ती बोलली नाही.

जगदेवराव तक्क्याला टेकून डोक्यावरच्या दिव्याकडे बराच वेळ बघत होते. त्यांच्या गॅसबत्त्या शेलूबाजारला घरी टांगलेल्या होत्या. शेवटी त्यांनी हेमसिंगला चहाला बोलावलं.

हेमसिंग नवं पागोटं बांधून आला. त्याने चहा बशीत ओतला. जगदेवरावांनी विचारलं, "काहो, हे वीज कशी येते?"

"जिनिंगमधून निघते," हेमसिंगने ठेक्यात सांगितलं. "चुलाणावरून येते. बोहल्यावरून येते. मंग तुमच्यापर्यंत पोचते. लंबा रस्ता हाये, साहेब. येता येता जराशी थकते."

त्याला तारेची लांबी सांगायची होती. जगदेवरावांनी कप खाली ठेवला.

"थकते?"

"जराशी."

"म्हंजे पोरीवाल्याले ताजी, अन् आमाले थकलेली?"

हेमसिंगच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोललो. इंजिन पाहायला हवं असं पुटपुटत तो उठला. पण तोवर बैठकीतले चार-सहा जण सरसावून बसले होते. जगदेवरावांनी तक्का बाजूला केला, आणि निरोप गेला. पोरगा घोड्यावर चढणार नाही.

*

बबनराव धावत आले. मागून रुख्मिणी, तिच्या मागून चतुराबाई.

"इवाईबुवा, काय चुकलं?"

"तुमाले मालूम हाये." जगदेवरावांनी तोंड फिरवलं. "पंगतीत वाढपी सुरुवातीले तुपाची धार सोडते, अन् शेवटाले पोचेपर्यंत वाटी पुसत येते. म्हनून पोरावाल्याले शेवटी बसवत नसतात. हे का सांगा लागते? आमाले विजेच्या पंगतीत शेवटी बसवलं तुमी."

"तसं नाही, काका," रुख्मिणी म्हणाली. तिला सवयच होती, वर्गात कोणी चुकलं की समजावून सांगायची. "हे पंगतीसारखं नाही. एका दिव्यातली उरलेली वीज दुसऱ्याले, असं नसते. प्रत्येक दिवा त्याच त्या दोन तारांना आपापला जोडला हाये."

"म्हंजे साऱ्यायले सारखी?"

रुख्मिणीने तोंड उघडलं. 'हो' एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"जवळजवळ," ती म्हणाली.

"जवळजवळ म्हंजे?"

"तारेलाही अडथळा असते. त्यामुळं टोकाले थोडं कमी पोचते."

चतुराबाई तिच्या कानाशी आली. "रुखमा, तुले खोटं बोलता येत नाही, ठीक. निदान खोकलता तं येते?"

पण उशीर झाला होता. "किती कमी?" जगदेवरावांनी विचारलं. "मोजाचं काही यंत्र हाये का, मास्तरीनबाई?"

यंत्र होतं. जिनिंगच्या विजेच्या फळीवरून काढलेला, लाकडी पेटीत बसवलेला व्होल्टमीटर. रुख्मिणीने तो आणवला. बाजेवर चढून पहिल्या दिव्याशी मोजलं, मग सगळ्या वऱ्हाडासह मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बाजेवर चढून शेवटच्या दिव्याशी मोजलं. खाली दीडशे माणसं माना वर करून बघत होती. एवढ्या शांततेत तिच्या वर्गात कधी प्रयोग झाला नव्हता.

"तिकडं एकशेचार. इकडं एकशेएक."

"तीन कमी," मांडवात कोणीतरी हिशेब केला. तो शब्द बैठकीवरून फिरत गेला. तीन कमी. पोरावाल्याले तीन कमी.

"काका, तीन व्होल्टचा फरक डोळ्यांना कळतसुद्धा नाही," रुख्मिणी म्हणाली.

"डोयाले नाही कळत. आता कानाले कळला ना." जगदेवरावांचा आवाज मात्र थोडा खाली आला. ते मुळात वाईट नव्हते. "शंभरात तीन. बरं, तीनच ना?"

पुढे कित्येक वर्षं रुख्मिणीला वाटत राहिलं की त्या क्षणी मांडवाला आग लागली असती तर बरं झालं असतं.

"व्होल्ट तीनच," ती म्हणाली. "पण दिव्याची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या पटीत जाते. म्हणजे शक्ती शंभरात जवळपास सहा कमी."

चतुराबाई खोकली, पण ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"आता तीन होते. आता सहा झाले?"

"शक्ती सहा. व्होल्ट तीन."

"आनखी काही कमी हाये का, बाई? एकदमच सांग. थोडं थोडं काहून मारतं?"

बबनराव पुढे आले आणि त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. "इवाईबुवा, एक करा. तुमी तिकडं बसा, आमी इकडं बसतो. एकशेचार तुमचे, एकशेएक आमचे. संपलं."

हे सगळ्यांना पटलं. वरपक्षातले तीन वडीलधारे जागा बघायला म्हणून पूर्वेच्या टोकाला गेले. ते परतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकाच्या धोतराला शेण लागलं होतं.

"तिथं चुलानाचा धूर हाये, जगदेव," सगळ्यात म्हातारा म्हणाला. "अन् गोऱ्हा चाटते. धुरात एकशेचार व्होल्ट कोनाच्या कामाचे?"

जगदेवराव रुख्मिणीकडे वळले. आता त्यांच्या नजरेत राग नव्हता, अपेक्षा होती. आणि रुख्मिणीला रागापेक्षा अपेक्षेचीच जास्त धास्ती होती.

"तू शिकेल हायेस. काढ मार्ग."

मार्ग होता. तार चुलाणाकडून आत न घेता वरून थेट बोहल्यापर्यंत न्यायची आणि तिथे दिव्यांच्या रांगेला जोडायची. मधोमध सर्वांत जास्त, दोन्ही टोकांना कमी, पण सारखं. नवरा-नवरीला पहिला मान, दोन्ही घरांना एकसारखा दुसरा. तिने जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवली. जगदेवरावांनी ती दोनदा समजून घेतली.

"हे पहिलेच काहून नाही केलं?"

पहिल्यांदा तिने तारेची बचत बघितली होती.

जोशीबुवा सूर्याकडे बघत होते. हेमसिंगने जास्तीची तार आणली आणि दिव्यांची जोडणी सोडली. दिवे गेले. कोणीतरी च्च केलं, पण मागणी वरपक्षाचीच असल्यामुळे अशुभाचा विषय निघाला नाही. इंजिन मात्र चालूच ठेवावं लागलं. एकदा बंद केलं की त्याचं डोकं पुन्हा तापवून सुरू करण्यात मुहूर्त गेला असता. रिकामं इंजिन धकधकत राहिलं, तेल पीत राहिलं. रुख्मिणी बांबूला धरून तारा जोडत होती. माजघरातून बेबीने खिडकीच्या फटीतून विचारलं, "ताई, जमते का वं?"

"जमते. तू मुंडावळ्या नीट बांध."

"हे म्हनून राह्यले, काका नाही म्हनले तरी मी येतो." 'हे' म्हणजे रामकिसन, घोड्याजवळ ताटकळत उभा असलेला नवरदेव. लग्नाआधीच ते 'हे' झाले होते.

"कोनी सांगतलं तुले?"

"त्यायनंच. मांगच्या खिडकीतून."

"मंग खिडकी लाव अन् चूप बस," रुख्मिणी म्हणाली. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मुलगा काकांच्या विरोधात घोड्यावर चढला असता तर लग्न लागलं असतं, पण बेबीला त्या घरात जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं. हे काकांनी हसत म्हणायला हवं होतं, लावा लग्न.

दिवे पुन्हा लागले. पूर्वेला मोजलं, एकशेतीन. पश्चिमेला मोजलं. काटा एकशेतीनला येता येता केसभर अलीकडे थांबला. रुख्मिणीने पेटीवर टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथेच आला.

असं होणं शक्य नव्हतं. मग तिने वर बघितलं. वरपक्षाच्या बैठकीवर दहाच्या जागी बारा दिवे होते.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "हे दोन कोनं लावले?"

बबनराव खुश होते. "म्या. पेटीत भुशात ठेवले होते ना दोन, फुटलेतुटले तं असावे म्हनून. म्हनलं, त्यायच्याकडं दोन जास्त लावू. मान ठेवू."

"दिवे जास्त म्हंजे करंट जास्त. करंट जास्त म्हंजे तारेत जास्त जाते. म्हंजे टोकाले व्होल्ट कमी."

बबनरावांचा चेहरा पडला. "मान देल्ला म्हनून कमी झालं?"

"पाव व्होल्ट."

"पाव कोनाले?" जगदेवराव मागेच उभे होते.

रुख्मिणीने डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. सांगण्यावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं.

यावर वरपक्षात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, दोन दिवे जास्त आहेत, पाव व्होल्ट गेला खड्ड्यात. दुसऱ्या तटाचं म्हणणं, दिवा काय, सकाळी विझतो. व्होल्ट कमी घेतला हे नातवंडांपर्यंत ऐकावं लागेल. धोतराला शेण लागलेले म्हातारे व्होल्टच्या बाजूने होते. एक फेटेवाला पाहुणा दोन्ही बाजूंना 'बरोबर' म्हणत फिरत होता.

"सोपं हाये," रुख्मिणी म्हणाली. "दोन दिवे काढून टाकते." ती बाजेवर चढली आणि तिने दिव्याला हात घातला.

"ठेव तो दिवा," खालून आवाज आला. नवरदेवाची आई, सोजरबाई. ती आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. "देल्लेला मान वापस घेता? आमच्या डोक्यावरून?"

रुख्मिणीचा हात दिव्यावर राहिला. दिवा गरम होता, पण हात काढला तरी वाईट आणि ठेवला तरी वाईट अशी वेळ होती, त्यामुळे ती तशीच उभी राहिली.

"निर्नय करा," जोशीबुवा म्हणाले. "सूर्य काही रुसत नाही. तो चालला."

"आमाले दिवे बी पायजे," जगदेवराव म्हणाले, "अन् व्होल्ट बी."

त्याच वेळी स्टेशनच्या बाजूची धकधक अडखळली. एकदा, दोनदा. बावीसही दिवे पिवळे झाले, मग भाजलेल्या कांद्यासारखे तांबूस, मग त्यांच्या आतली नुसती तारच दिसू लागली, आणि मग तीही दिसेना. गावातून गाईंच्या घंटांचा आवाज येत होता. तेवढाच.

हेमसिंग अंधुक उजेडातून चालत आला. त्याच्या हातात पिंपात बुडवायची काठी होती. ती खालपासून वरपर्यंत कोरडी होती, ती त्याने रुख्मिणीला दाखवली.

"रुखमा," बबनराव म्हणाले, "तू तेलाचा हिशेब केलता ना?"

"केलता, बाबा. रुसवा धरला नव्हता."

माजघरात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बेबी खिडकीशी आली असणार. कोणीतरी घरातून कंदील आणला आणि मांडवाच्या मधोमध टांगला. काच काजळलेली होती. त्या उजेडात दीडशे माणसं एकसारखी दिसत होती. पोरीवाला कोण, पोरावाला कोण, ते कळत नव्हतं.

जगदेवराव उभे राहिले. "मास्तरीनबाई. यंत्र आना."

"काका, आता त्याच्यात काही—"

"आना."

रुख्मिणी बाजेवर चढली. पश्चिमेच्या शेवटच्या दिव्याशी मोजलं. हेमसिंगने दुसरा एक कंदील आणून पेटीपाशी धरला.

"शून्य."

"आता तिकडं."

तिकडे काय येणार हे मोजायची गरज नव्हती. पण न मोजता सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती बाजेवरून उतरली, मांडवाची सगळी लांबी चालून गेली, तिथल्या बाजेवर चढली, मोजलं. गोऱ्ह्याने तिच्या पदराचं टोक चाटलं.

"तिकडंही शून्य."

"बरोबर पाह्यलं?"

"बरोबर."

जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्याकडं त्याच्यापेक्षा कमी नाही ना?"

"शून्यापेक्षा कमी काय असते, काका?" रुख्मिणी म्हणाली.

खरं म्हणजे असतं. तारा उलट्या जोडल्या तर काटा शून्याच्याही मागे जाऊ बघतो, हे ती दर वर्षी वर्गात करून दाखवत असे. ते सांगायला तिने तोंड उघडलं होतं. शेजारी चतुराबाईने श्वास रोखला.

रुख्मिणी खोकली.

"मंग ठीक हाये," जगदेवराव म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "चढव पोराले घोड्यावर. लावा लगन."

गोरज अजून जेमतेम शिल्लक होतं. नवरदेव मारुतीला जाऊन आला तो घोडा जवळजवळ पळवतच. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं दोन कंदिलांवर झाली. एक मधोमध टांगलेला. दुसरा कंदील रुख्मिणीने हातात धरला होता, कारण तिला जागेवरून हलायला कोणी सांगितलं नाही आणि हलायचं त्राणही नव्हतं. अक्षता अंधारात कुठेही पडल्या. निम्म्या जोशीबुवांवर पडल्या. बेबीने अंतरपाट सरकल्यावर आधी नवऱ्याकडे बघितलं आणि मग वर, विझलेल्या दिव्यांकडे, आणि ती इतकी हसली की सोजरबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीच्या वेळी गाड्या जुंपल्या होत्या. बेबी रडून झाली होती, चतुराबाई अजून रडत होती. रुख्मिणी ओट्यावर बसून तारेची भेंडोळी करत होती, कारण ती शेठजींना परत द्यायची होती. तिला फक्त झोप हवी होती.

जगदेवराव गाडीत चढता चढता थांबले आणि तिच्याकडे आले. एकटेच.

"मास्तरीनबाई, रागावली तं नाही?"

"नाही, काका."

"माघ महिन्यात रामकिसनच्या बहिनीचं लगन हाये. शेलूबाजारले. तू ये. ते काट्याचं यंत्र बी आन."

"तिथं वीज नाही, काका."

"तिथं जिनिंग हाये. म्या साऱ्यायले सांगून टाकलं, वीज राहीन म्हनून." त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पन तवा आमी पोरीवाले राहू. आमच्याकडचं दोन-तीन कमीच सांगजो. जास्त निघालं तं पाव्हने रुसतीन."

यंत्र ज्याला जे हवं ते सांगत नाही, असेल ते सांगतं. हे कसं समजावून द्यायचं ते रुख्मिणीला नेमकं ठाऊक होतं. तारेची लांबी, अडथळा, दिव्यांची संख्या, सगळं तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जाऊ लागलं होतं.

"बरं, काका," ती म्हणाली. "किती कमी पायजे, ते आधीच कळवा."